डोंगरात शेवटी एकट्यानेच चढायचं असतं तर टीम कशाला? (फिनेस्त्रे, जिरो २०२५)

वारजे_ते_वाई:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. सायकल रेसिंग बघायला लागून मला दोनच वर्षं झालीत त्यामुळे बेसिक वाटला तरी समजावून सांगा. परवा जिरो २०२५ ची (इटलीतली तीन आठवड्यांची रेस) २० वी स्टेज, म्हणजे एका दिवसाची रेस, पुन्हा पूर्ण बघितली. ३१ मे, वेर्रेसहून सेस्त्रिएरे, २०५ किमी आणि मध्ये तो कोल्ले देल्ले फिनेस्त्रे, साडेअठरा किमीचा घाट, सरासरी ९ टक्क्यांच्या वर आणि शेवटचे ८ किमी चक्क कच्चा रस्ता. सकाळी गुलाबी जर्सी (एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची) इसाक देल तोरोकडे, कारापाझ ४३ सेकंद मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. आणि संध्याकाळी येट्स ३ मिनिटं ५६ सेकंदांनी पुढे!

तर माझा घोळ असा की ९ टक्क्यांच्या चढाला वेग इतका कमी असतो की पुढच्याच्या मागे लपून वारा वाचवण्याला फारसा अर्थ उरत नाही, म्हणजे ज्याचे पाय चांगले तो जिंकणार. मग ८-८ जणांच्या टीमचा उपयोग काय? माझा भाऊ म्हणतो देल तोरोचे पाय संपले होते, तीन आठवड्यांनी २१ वर्षांच्या पोराचा फॉर्म उतरणारच. मला तसं वाटत नाही, कारण घाटात कारापाझ जेव्हा जेव्हा निघाला तेव्हा हा त्याच्या चाकाला चिकटूनच होता. मग गेलं कुठे सगळं?

बोरघाट_बाजीराव:
प्रश्न बेसिक अजिबात नाहीये, जुने बघणारेसुद्धा यावर भांडतात. तू घाट बघितलास पण घाटाच्या नंतरचं नीट बघितलंस का? फिनेस्त्रेच्या माथ्यावर (२१७८ मीटर) येट्सकडे दीड मिनिटाच्या थोडी वर लीड होती. म्हणजे गुलाबी जर्सी कागदावर त्याची झालेली पण जेमतेम, पंधरा-वीस सेकंदांनी. तिथून पुढे उतार आणि मग सेस्त्रिएरेचा चढ, साधारण १६ किमी, पण सरासरी ४ टक्क्यांच्याही आत. त्या रस्त्यावर वेग चांगला असतो, म्हणजे तू म्हणतोस तो वाऱ्याचा हिशोब तिथे परत चालू होतो. एकटा माणूस वाऱ्याला तोंड देत गेला तर मागचे दोघं आळीपाळीने ओढून एक मिनिट सहज खाऊ शकतात.

आणि नेमकं तिथे वाउट व्हान आर्ट, येट्सच्याच विस्मा टीमचा, उभा होता. उभा म्हणजे शब्दशः नाही, तो सकाळपासून ब्रेकमध्ये होता, मोठा ग्रुप पुढे गेलेला त्यात विस्मावाल्यांनी त्याला मुद्दाम घुसवलेलं. ही स्टेज जिंकायचा त्याचा विचारच नव्हता, ती नंतर ख्रिस हार्परने जिंकली. व्हान आर्टचं काम एकच, फिनेस्त्रे आपल्या वेगाने चढायचा, उतरायचा आणि खाली थांबून येट्सची वाट बघायची. येट्स आला, याने एकदा मागे बघितलं, पुढे झाला आणि जो खेचत सुटला ते सेस्त्रिएरेच्या बऱ्याच वरपर्यंत. व्हान आर्टसारखं इंजिन पुढे असलं की मागच्याला कितीतरी कमी जोर लावून तोच वेग मिळतो. दीड मिनिटाचे पाच मिनिटांवर झाले ते या पट्ट्यात. घाटात नाही!

म्हणून मी नेहमी म्हणतो की घाटाची रेस घाटात हरत नाहीत, दोन घाटांच्या मधल्या सपाटीवर हरतात. टीम तुला घाटात ढकलू शकत नाही हे तुझं बरोबर आहे. पण घाट चालू व्हायच्या आधी तू किती ताजा आहेस आणि घाट संपल्यावर तू एकटा आहेस की नाही, हे टीमच ठरवते. त्या दिवशी देल तोरो आणि कारापाझ दोघांपुढेही असा कुणी पेरलेला नव्हता.

सायली_कोथरूड:
बाजीरावदादा, व्हान आर्टचं पूर्ण पटलं, पण देल तोरोला सगळे जण जे बोल लावतात ते मला अजून खटकतं म्हणून लिहितेय. जरा त्याच्या जागी बसून बघा. येट्स पुढे गेलाय, चाकाला कारापाझ. ओढत राहिलो तर येट्स कदाचित सापडेल, पण सेस्त्रिएरेच्या शेवटच्या दोन किमीत ताजातवाना कारापाझ उडी मारणार आणि जर्सी तरीही जाणार. न ओढलं तर येट्स घेऊन जाणार. कारापाझच्या बाजूने बघा तर तो म्हणणार जर्सी तुझी आहे, सांभाळायची गरज तुला, मी का ओढू. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघं मिळून हरले. नंतर कारापाझने उघड नाराजी बोलून दाखवली की पोराला रेस कशी करायची ते कळलं नाही वगैरे. पण २०१९ चा जिरो कारापाझ स्वतः असाच जिंकलाय! कूर्मायरच्या स्टेजला निबाली आणि रॉगलिच एकमेकांकडे बघत बसले आणि हा निसटला, गुलाबी जर्सी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. टोकियो ऑलिंपिकलाही मागचे सगळे व्हान आर्टने ओढावं म्हणून थांबले आणि गोल्ड कारापाझने नेलं. ज्याला हा खेळ इतका ठाऊक आहे त्याने तरी पाच मिनिटं जाईपर्यंत हट्ट धरायला नको होता असं मला मनापासून वाटतं.

हे स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही. गेल्या थंडीत आमच्या ग्रुपची छोटी रेस होती, जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूरपर्यंत. बोगद्याच्या अलीकडे आम्ही तिघी एकत्र, मी, एक मैत्रीण आणि एक नवीन मुलगी. बोगद्यात अंधारात त्या नवीन मुलीने गिअर टाकल्याचा खट्ट आवाज ऐकला आणि बाहेर उजेडात आलो तर ती पन्नास मीटर पुढे. मी मैत्रिणीकडे बघितलं, तिने कोपर हलवून मला पुढे हो म्हटलं, मी तिला तू हो म्हटलं. शिंदेवाडीला हायवेला लागलो तेव्हा समोरून वारा आणि ती मुलगी एका वळणाआड. माझ्या पायात जोर होता हो, खरंच होता, पण मैत्रिणीला फुकट नेऊन सोडायचं या विचारानेच पाय दाबला जाईना. त्यामुळे देल तोरोचे पाय संपले होते हे मी मानणार नाही, वारजेवाले तुम्ही बरोबर आहात.

हार्टरेट_हर्षद:
सायलीताई, तुमचा कात्रजचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. पण पायांची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. टीम आणि फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण बोलतो, तर तसं नाहीये, समोरची टीम तुमचा फॉर्म त्याच दिवशी संपवू शकते. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे टूर द फ्रान्स २०२२ ची ११ वी स्टेज, आल्बरविल ते कोल द्यू ग्रॅनॉन, १३ जुलै. मी आजही ती वर्षातून एकदा बघतो.

त्या सकाळी पोगाचार पिवळ्या जर्सीत (जिरोत गुलाबी तशी टूरमध्ये पिवळी), विंगेगार्ड ३९ सेकंद मागे. यंबो-विस्माने (आताची विस्माच) काय केलं, तर शेवटच्या घाटाची वाटच बघितली नाही. व्हान आर्ट आणि लापोर्ट सकाळीच ब्रेकमध्ये. मग तेलेग्राफ घाटापासूनच त्यांचेच रॉगलिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने सुटायला लागले, एक गेला की पोगाचारने पकडायचा, पकडला की दुसरा जाणार. रॉगलिचचा खांदा ५ व्या स्टेजला पडून निखळलेला होता, पण एकूण वेळेत तो तीन मिनिटांच्या आत होता म्हणून त्याला सोडूनही चालत नव्हतं. फिनिशला अजून ५०-६० किमी बाकी आणि पोगाचारजवळ टीमचं कुणी नाही. त्याचे दोन जण, लेंगन आणि बेनेट, कोविडमुळे आधीच घरी गेले होते. गॅलिबियेवर (२६४२ मीटर) तर तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता, स्वतःच उलटा हल्ला करून त्याने विंगेगार्ड सोडून सगळ्यांना मागे टाकलं. बघणाऱ्याला वाटलं काय फॉर्म आहे राव!

आणि मग ग्रॅनॉन. ११.३ किमी, ९.२ टक्के, माथा २४१३ मीटर, तिथे समुद्रसपाटीच्या मानाने ऑक्सिजन साधारण पाव हिस्सा कमी मिळतो. माइका परत येऊन त्याच्यासाठी पुढे ओढत होता, म्हणजे टीमचा माणूस समोर होताच, आणि तरीही शेवटच्या पाचेक किमीत विंगेगार्ड गेला तेव्हा पोगाचार जागचा हलला नाही. ते दृश्य मी विसरू शकत नाही, जर्सीची चेन पूर्ण उघडी, दोन्ही पदर वाऱ्यावर फडफडताहेत, खांदे डावी-उजवीकडे हलताहेत आणि बाजूने एकेक जण पुढे निघून जातोय. २ मिनिटं ५१ सेकंद गेले. टूर तिथेच फिरली.

आता याला फॉर्म नव्हता म्हणायचं का? नाही, त्या टूरमध्ये नंतरही त्याने पेराग्यूदची स्टेज जिंकली. त्याने गॅलिबियेवर जी ताकद जाळली ती ग्रॅनॉनला लागणार होती एवढंच. आणि त्या धावपळीत खाणंपिणं मागे पडतं. मी वाईहून पसरणी घाटात एकदा मे महिन्यात हे भोगलंय, पहिले चार किमी ग्रुपमधला कुणी निघाला की त्याच्यामागे पळालो, खिशात खजूर आणि चिक्की तशीच राहिली. मग एका वळणावर अचानक कानात सूं झालं, हात गार पडले, उन्हात अंगावर शहारे आणि १०-१२ वर्षांची पोरं साध्या सायकलवर माझ्या बाजूने गेली. पाच मिनिटांपूर्वी मी सगळ्यात पुढे होतो. प्रो लोक हल्ली तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्ब पोटात घालतात ते याचसाठी, पण दर दोन मिनिटांनी कुणी हल्ला करत असेल तर जेल फाडायला हात मोकळा कधी होणार?

वारजे_ते_वाई:
बाप रे, एवढं सविस्तर. धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे ग्रॅनॉनला टीमने पोगाचारचे पाय काढून घेतले आणि फिनेस्त्रेला देल तोरोच्या पायांना हातच न लावता जर्सी काढून घेतली, असं समजू का? आणि खरा फॉर्म गेला असं कधी म्हणायचं मग? येट्सने त्या जिरोत एकही स्टेज जिंकली नाही, तीन आठवडे कुठे दिसलाही नाही, तो फॉर्ममध्ये आहे हे कुणाला कळणार?

बोरघाट_बाजीराव:
हो, अगदी तसंच समज. हर्षदचं ग्रॅनॉनचं वर्णन एक नंबर, त्यात फक्त एक घालतो. पोगाचारने प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिलं, त्याने दोन वेळा जरी दुसऱ्या टीमच्या गेरेंट थॉमसला वगैरे ओढायला लावलं असतं तर इतकं महाग पडलं नसतं. तेव्हा तो २३ चा होता, सगळं आपणच करायचं वय.

खरा फॉर्म गेलेला बघायचा असेल तर टूर २०२३, कोल द ला लोझ, १७ वी स्टेज. पोगाचारचं मनगट एप्रिलमध्ये लीएजच्या रेसमध्ये मोडलं होतं, टूरच्या आधीचे आठवडे हवा तसा सराव नाही. पहिले दोन आठवडे त्याने सेकंदासेकंदाला झुंज दिली, मग टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची स्टेज) १ मिनिट ३८ सेकंद गेले आणि दुसऱ्या दिवशी लोझवर तो रेडिओवरच म्हणाला की मी गेलो, संपलो. ५ मिनिटं ४५ सेकंद. त्या दिवशी कुणी दोघांनी मिळून त्याला कात्रीत धरलं नव्हतं, मार्क सोलेर शेवटपर्यंत बरोबर थांबून त्याला वर घेऊन येत होता. टीम होती, पाय नव्हते. २०२४ ला उलटं, एप्रिलमध्ये बास्क देशातल्या रेसमध्ये विंगेगार्ड पडला, कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा. मग टूरमध्ये प्लातो द बेयच्या चढावर त्याच्या टीमने दिवसभर ओढलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, त्याने हल्लाही केला आणि पोगाचार त्याला मागे टाकून १ मिनिट ८ सेकंदांनी आधी पोचला. प्लॅनमध्ये खोट नव्हती, पण ज्याच्यासाठी प्लॅन केला त्याचे पाय समोरच्यापेक्षा कमी पडले.

आणि येट्सचं म्हणशील तर त्याच्याबद्दल मला फार आपुलकी आहे. २०१८ चा जिरो, तो १३ दिवस गुलाबी जर्सीत, तीन स्टेज जिंकलेल्या, रोज हल्ला, रोज दोन-चार सेकंद खायचा. आणि १९ व्या स्टेजला याच फिनेस्त्रेवर असा ढेपाळला की ३८ मिनिटांच्या वर गेले त्या एका दिवसात. फ्रूम त्याच घाटातून ८० किमी एकटा जाऊन जिरो घेऊन गेला. सात वर्षांनी तोच येट्स, तोच कच्चा रस्ता आणि यावेळी तीन आठवडे गप्प. तो दिसला नाही याचा अर्थ फॉर्म नव्हता असा नाही, त्याने तो खर्चच केला नव्हता. फिनिशला तो रडत होता तेव्हा इकडे रात्री मीही रडलो, बायको विचारायला लागली काय झालं म्हणून.

सायली_कोथरूड:
दादा, सेम! आमच्याकडे आईने टीव्हीचा आवाज कमी करायला लावला इतकी ओरडत होते.

वारजेवाले, पुन्हा बघाल तेव्हा फिनेस्त्रेच्या अगदी पायथ्यापासून बघा, कारापाझची टीम किती जोरात ओढत आत शिरते आणि कारापाझ लगेच निघतो. त्यात देल तोरोच्या सोबतचे सगळे गळतात, त्यात अ‍ॅडम येट्सही, सायमनचा जुळा भाऊ, जो देल तोरोच्या टीममध्ये होता. सायमन मात्र घाई करत नाही, आपल्या लयीत मागून येऊन दोघांना गाठतो आणि मग एकेक हल्ला करत बसतो. कितव्या हल्ल्याला ते दोघं एकमेकांकडे बघायला लागतात ते मोजा आणि इथे लिहा. माझा आकडा मी आत्ता सांगत नाही.

वारजे_ते_वाई:
आज रात्रीच लावतो, भावालाही बसवतो शेजारी.