ग्रेनाडा बेटावर राहायला जाणाऱ्या मुलीसोबत किराणा काय द्यावा?

घाटंजीचा_शेतकरी

नमस्कार. माझी मुलगी ऑगस्टमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या बेटावर जात आहे. ती दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहील आणि स्वयंपाक घरीच करील. तिच्या आईने घरची तुरीची डाळ, तांदूळ, काळा मसाला, तिखट, मुगवड्या असे बरेच काही काढून ठेवले आहे, पण विमानात २३ किलोच्या दोनच बॅगा नेता येतात आणि त्यांतच कपडे व पुस्तकेही बसवायची आहेत. तेथे किराणा फार महाग असल्याचे ऐकून घरात काळजी आहे. प्रवास न्यूयॉर्कमार्गे आहे. तेथे काय मिळते आणि येथून काय दिलेच पाहिजे, हे तेथे राहिलेल्यांनी कृपया सांगावे.

आर्वीचा_डॉक्टर

काका, मी त्याच बेटावर शिकलो आहे. महागाईबद्दल आपण ऐकले ते खरे आहे, मात्र ती सरसकट नाही. जेमतेम ३४४ चौरस किलोमीटरचा हा देश. सुपरमार्केटमधला बहुतेक माल फ्लोरिडा किंवा अन्य ठिकाणांहून कंटेनरमधून जहाजाने येतो आणि त्याचे भाडे व आयात कर शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसतात. सफरचंद, ब्रोकोली, चीज यांना हात लावताना विचार करावा लागतो. जहाज लांबले, तर काही फळ्या रिकाम्याही दिसतात, म्हणून माल उतरल्यावर लगेच जाण्याची सवय तिला आपोआप लागेल.

बेटावर जे पिकते, त्यासाठी तिने शनिवारी सकाळी लवकर राजधानी सेंट जॉर्जेसच्या मार्केट स्क्वेअरमध्ये जावे. तेथे केळी, रताळी, भोपळा, भेंडी, आले, जायफळ सारे ताजे मिळते. ‘कॅलालू’ म्हणून ज्या पानांच्या जुड्या विकतात, ती आपल्याकडच्या धोप्याचीच, म्हणजे अळूचीच पाने आहेत. वड्याही होतात, फक्त पाने नीट शिजवावीत, नाहीतर घसा खाजतो. आणि आपण तूर पिकवणारे आहात म्हणून मुद्दाम सांगतो, नाताळाच्या सुमारास तेथे तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. बाजारातल्या बाया शेंगा सोलून हिरवे सोले पिशव्यांमध्ये भरून विकायला ठेवतात. मी त्यांचा सोलेभात करीत असे. ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर मका आणि तूर एकाच शेतात घेतात. मात्र तूर तेथे अख्खीच खातात. तिची डाळ सहसा मिळत नाही. दुकानात मिळते ती पिवळ्या वाटाण्याची डाळ. तिचे वरण दाट होते, पण घरच्या वरणाची चव त्याला नाही. म्हणून तुरीची डाळ चार-पाच किलो जरूर द्यावी.

हळद, जिरे, काबुली चणे यांवर वजन घालवू नये. १८५७ पासून भारतीय मजूर तेथे नेले गेले, त्यामुळे रोटी आणि मसाल्याचे कालवण हे तेथील सर्वांचेच जेवण आहे. काळा मसाला, तिखट आणि हिंग मात्र येथूनच न्यावे.

वर्ध्याची_गृहिणी

भाऊ, यजमानांच्या नोकरीमुळे मी तेथे संसार केला आहे, म्हणून थोडी भर घालते. तेथील चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला २.७० असा त्याचा दर १९७६ पासून ठरलेला आहे. भाव ऐकला की तो कोणत्या डॉलरमध्ये सांगितला, हे मुलीने आधी विचारावे, कारण दोन्ही चालतात आणि फरक जवळजवळ तिपटीचा पडतो. भाजी पौंडावर मिळते, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमवर. भाव किलोचा समजून हिशेब करू नये.

कुकर अवश्य द्या आणि सोबत रबराच्या दोन-तीन रिंगा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असल्याने घरचा मिक्सर चालतो, पण भिंतीतले सॉकेट इंग्लंडच्या पद्धतीचे असते, त्यासाठी अडॅप्टर हवा. गव्हाची कणीक शोधावी लागते, मैदा भरपूर. ज्वारीचे पीठ थोडेच द्या, कारण दमट हवेत ते लवकर खवट होते आणि फ्रिजमध्येच ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. जून ते नोव्हेंबर हा तेथे चक्रीवादळांचा काळ. २००४ साली इव्हान वादळाने बेटावरील बहुतेक घरांचे नुकसान केले होते, तर १ जुलै २०२४ रोजी बेरिल कॅरियाकूवर धडकले. वादळाची सूचना निघाली की दुकानांत झुंबड उडते. मुलगी ऐन हंगामात पोहोचत आहे, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पिण्याचे पाणी, तांदूळ, डाळ, डबाबंद अन्न, टॉर्चचे सेल एवढे तिने घरात भरून ठेवावे.

वाशीमचा_कृषी_सहायक

तांदूळ मात्र बॅगेतून काढा. न्यूयॉर्कला सामान ताब्यात घेऊन अमेरिकेच्या कस्टम्समधून जावे लागते, आणि खापरा भुंगेरा या साठवलेल्या धान्यातील किडीच्या भीतीने भारतातून आलेल्या प्रवाशांचा तांदूळ तेथे काढून घेतात. खाण्याच्या बाकीच्या सर्व वस्तू विचारल्यावर स्पष्ट सांगाव्यात. लपवल्यास दंड होऊ शकतो. वस्तू घरगुती पुडक्यांत न देता नाव छापलेल्या बंद पाकिटांत दिल्यास तपासणी सोपी जाते.

घाटंजीचा_शेतकरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तांदूळ काढला आहे आणि त्या जागी कुकर ठेवत आहोत. डाळ घरचीच द्यायची असल्याने ती दालमिलमधून लेबल लावलेल्या पाकिटांत बंद करून आणतो. मुगवड्या त्या दमट हवेत टिकतील का, एवढे ताईंनी सांगावे.

वर्ध्याची_गृहिणी

टिकतील, भाऊ. निघण्याआधी दोन उन्हे कडक दाखवा आणि लहान-लहान पाकिटे करा, म्हणजे एक उघडले तरी बाकीच्यांना हवा लागणार नाही.