लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) शांत बसायला वेळ कसा काढता? मदत हवी आहे

जय ख्रिस्त सगळ्यांना. जालन्यातून लिहितेय. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी ठरवलं होतं की ईस्टरपर्यंत रोज अर्धा तास शांत बसायचं, देवाला काही मागायचं नाही, बायबलचा एक उतारा वाचायचा अन् गप्प राहायचं. रविवार सोडून ४० दिवस, म्हणलं जमंल. पण दहा दिवस झाले, एकदाही धड जमलं नाही.

घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, त्यात पोरीची दहावी. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात जातो ना, म्हणून मीही साडेचारला उठले, तर त्याच दिवशी नेमकं नळाला पाणी आलं अन् हंडे भरता भरता उजाडलं. आता गच्चीच्या जिन्यात पदर घेऊन बसते, पाच मिनिटं बरं वाटतं, मग डोक्यात डबा, फी, सासूबाईंच्या गोळ्या सुरू, आणि फोन खाली ठेवला तरी कान तिकडंच. मटण सोडणं मला सोपं गेलं, मन गप्प करणं लई अवघड जायलंय. पण मला हे मनापासून करायचंय, शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) नुसतं पांढरी साडी नेसून चर्चला जाऊन बसायचं नाहीये.

ज्यांचं घर असंच भरलेलं आहे त्यांनी सांगा, तुम्ही कोणत्या वेळेला बसता? अर्ध्या तासाचे दोन तुकडे केले तर चालंल का? मन भरकटलं की परत कसं आणता, एखादं वचन धरून ठेवता का? अन् पाळकसाहेबांना दुपारी तासभर चर्च उघडं ठेवा म्हणून विचारावं का, संकोच वाटतोय.