मांजरीचे सगळे दात काढायला सांगितलेत: स्टोमॅटायटिस, भूल आणि नंतरचं खाणं

उन्हातलीमनी

मांजरी ७ वर्षांची, घरातच असते, नसबंदी झालेली. वर्षभरात वजन ४.२ किलोवरून ३.४ वर आलंय. भूक आहे, वाटीकडे धावत येते, पण एक घास तोंडात घेतला की फिस्कारून मागे पळते. लाळेत कधीकधी रक्ताची रेघ दिसते. अंग चाटणं बंद झालंय, पाठीवर केसांच्या गुठळ्या. तोंडात मागच्या बाजूला, दोन्ही जबडे मिळतात तिथे, दोन्हीकडे लालभडक सुजलेलं मांस आहे. निदान: जुनाट स्टोमॅटायटिस, म्हणजे तोंडाच्या आतली न जाणारी सूज.

आतापर्यंत लांब पल्ल्याच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनवर चाललं होतं. पूर्वी एक इंजेक्शन दोन महिने पुरायचं, आता तीन आठवडेही पुरत नाही. नवीन डॉक्टर म्हणतात, सगळे दात काढा. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) थोडं वाढलेलं आहे.

एवढं टोकाचं करणं खरंच गरजेचं आहे का? दातांशिवाय ती खाणार कशी? मूत्रपिंडाचा त्रास असताना भूल झेपेल का? आणि शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत घरी काय करावं?

दंतमूळ

गरजेचं आहे, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. हा आजार दात किडल्याचा नाही. दातांवर जो चिकट थर साचतो त्यातल्या जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती बेताल होऊन तुटून पडते, आणि त्यात तोंडाचं मांस भाजून निघतं. बहुतेक अशा मांजरांत कॅलिसी (मांजरांत सर्दी आणि तोंडात फोड आणणारा) विषाणूही सापडतो. थर दातावरच बसतो, म्हणून दात गेला की चिथावणी गेली. नुसतं कीटण खरवडून भागत नाही, कारण नवा थर दुसऱ्याच दिवशी जमायला लागतो आणि या तोंडांना तेवढाही पुरतो.

स्टेरॉइडचं तुम्ही जे लिहिलंय तेच नेहमी होतं: परिणाम आखूड होत जातो, डोस वाढत जातो. लांब पल्ल्याच्या इंजेक्शनाने मांजरांना मधुमेह होऊ शकतो, छुपा हृदयविकार असेल तर तो उघडा पडू शकतो, आणि एकदा टोचलेलं परत काढता येत नाही. हे चक्र इथेच तोडा.

मांजराला एकूण ३० दात: १२ पुढचे, ४ सुळे, १० उपदाढा, ४ दाढा. मागच्या १४ काढून पुढचे आणि सुळे निरोगी असतील तर ठेवायचे, हा एक मार्ग. दुसरा, सगळेच काढायचे. पुढच्या दातांभोवतीची हिरडी लाल असेल किंवा एक्स-रेत मुळं खराब दिसली तर दुसराच मार्ग घ्यावा. निकाल साधारण असा लागतो: तीनातल्या दोन मांजरांना पूर्ण आराम किंवा ठळक सुधारणा, उरलेल्यांना पुढेही औषध लागतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं असेल तर ते सरळ माणूस आहेत असं समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दातांचे एक्स-रे. काढण्याआधी एकदा आणि काढून झाल्यावर, मांजर भुलेतच असताना, पुन्हा एकदा. मांजराची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात, वरच्या मोठ्या उपदाढेला तर तीन असतात. बरेचदा मूळ आणि हाड एकजीव झालेलं असतं, मग टोक तुटून आत राहतं. वरून हिरडी छान भरते आणि आत सूज तशीच चालू. "सगळे दात काढले तरी फरक नाही" अशा तक्रारींत सर्वांत आधी राहिलेली मुळं शोधावीत. म्हणून तारीख घेण्याआधी विचारा: तुमच्याकडे तोंडात ठेवायचं दातांचं एक्स-रे यंत्र आहे का? डोक्याचा साधा एक्स-रे चालत नाही, त्यात डावी-उजवी मुळं एकमेकांवर पडतात. यंत्र नसेल तर जिथे आहे तिथे पाठवायला सांगा. त्यात कुणाचा अपमान नाही.

आणखी विचारा: प्रत्येक बाजूला भूल देण्याचं नर्व्ह ब्लॉक करणार का, अनेक मुळांचे दात यंत्राने तुकडे करून काढणार का, हाडाच्या धारदार कडा घासून गुळगुळीत करणार का, हिरडी विरघळणाऱ्या टाक्यांनी ताण न देता बंद करणार का. काम तासनतास चालतं. मांजर अशक्त असेल तर दोन टप्प्यांत करणंही योग्यच.

एक बारीक गोष्ट, पण जिवाची. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा लावून जबडा पूर्ण ताणला तर मांजराच्या मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारी रक्तवाहिनी दबते. शुद्धीवर आल्यावर आंधळेपणा आल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. छोटा, न ताणणारा आधार वापरा, तोही मधूनमधून काढा, हे आधीच बोलून घ्या.

शुश्रूषा

खाण्याचं सांगते. मांजर दाताने चावून बारीक करत नाही, फाडते आणि गिळते. घरात वाटीतलं मऊ अन्न जिभेनेच आत जातं. दात नसलेली कितीतरी मांजरं जखम भरल्यावर कोरडे दाणेसुद्धा गिळतात. त्रास दात नसल्याचा नसतो, दुखऱ्या तोंडाचा असतो.

तारखेपर्यंत पहिलं काम वजन टिकवणं. ३.४ किलोच्या मांजराला विश्रांतीत सुमारे १७५ किलोकॅलरी लागतात. डबाबंद मऊ अन्नाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला किती कॅलरी ते लिहिलेलं असतं, त्यावरून दिवसाचे ग्रॅम काढा आणि रोज स्वयंपाकाच्या काट्यावर वाटी भरताना आणि उरलेली, दोन्ही वेळा मोजा. अंदाजाने "बरंच खाल्लं" म्हणण्यात आठवडा निघून जातो. अन्न मिक्सरमध्ये कोमट पाण्याबरोबर अगदी सरसरीत, चमच्यावरून ओघळेल असं करा. गाठ राहिली तर ती जिभेखाली अडकते आणि पुढचा घास नाकारला जातो. गरम करायचं ते अंगाएवढं, मनगटावर ऊन लागेल इतकंच. वाटी उथळ आणि रुंद. दिवसातून पाच-सहा छोटी जेवणं.

दुखऱ्या तोंडात सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहेच, शिवाय त्या अन्नाचा कायमचा तिटकारा बसतो. तिने दोन दिवस काहीच घेतलं नाही, किंवा आठवडाभर निम्म्याहून कमीच जात असेल, तर मानेतून अन्ननलिकेत नळी घालायला सांगा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते बंद पडू लागतं. तुमच्या मांजरीने वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गमावलाय, त्यामुळे मी तर दात काढतानाच, त्याच भुलेत, नळी घालायचा विषय काढेन. नळी भयंकर दिसते, पण तोंडाला हात न लावता अन्न, पाणी, औषध सगळं जातं आणि घरातलं भांडण संपतं.

नळीने देताना: पहिल्या दिवशी गरजेचा एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. एका वेळी सुरुवातीला किलोमागे ५ मिली, झेपलं तर १० पर्यंत, म्हणजे तिला फार तर ३५ मिली. दहा-पंधरा मिनिटं घेऊन द्यायचं. ओठ चाटायला लागली, लाळ गळायला लागली की थांबा, वेग जास्त झालाय. आधी ५ मिली कोमट पाणी, नंतर ५ ते १० मिली, नाहीतर नळी तुंबते. अन्न गाळणीतून गाळून घ्या. मानेवरचं भोक रोज बघा, लाली, ओल किंवा वास आला तर कळवा.

वेदनेसाठी माणसांची गोळी अजिबात नाही. पॅरासिटामॉल मांजराला एका गोळीत मारू शकतं, आयबुप्रोफेनही विषच. डॉक्टर सहसा ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक गालाच्या आत सोडायला देतात. मांजराची लाळ अल्कधर्मी असल्यामुळे ते तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं, म्हणून अन्नात मिसळू नका. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून, दुखऱ्या भागाला न टेकवता. परिणाम साधारण ६ ते ८ तास. त्यामुळे "दिवसातून एकदा" लिहिलं असेल तर पुन्हा विचारा.

करडा_बोका

मूत्रपिंडाबद्दल. "थोडं वाढलेलं क्रिएटिनिन" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. लघवीची घनता, एसडीएमए (मूत्रपिंडाची आणखी एक रक्तचाचणी), लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब हे चारही हवेत. तोंड दुखतं म्हणून ती पाणी कमी पिते, नुसत्या निर्जलीकरणानेही क्रिएटिनिन चढतं. उलट स्नायू झिजल्यामुळे खरा आजार आकड्यात कमीही दिसू शकतो. दोन्ही बाजूंनी फसवणारा आकडा आहे. सातव्या वर्षी थायरॉइड आणि साखरही बघून घ्या, विशेषतः इतकी स्टेरॉइडं झाल्यावर साखर बघायलाच हवी. हृदयाचा आवाज वेगळा लागला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एफआयव्ही आणि ल्युकेमिया (मांजरांची प्रतिकारशक्ती दाबणारे दोन विषाणू) यांची चाचणीही झालेली असावी.

सुरुवातीच्या टप्प्यातला मूत्रपिंडाचा आजार म्हणजे भुलेला बंदी नाही. भुलेत मूत्रपिंडाला मारतो तो पडलेला रक्तदाब. म्हणून मागा ते हे: आधीपासून सलाईन, श्वासनलिकेत नळी, रक्तदाब आणि ऑक्सिजन सतत मोजणं, आणि फक्त भुलेवर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस. अंग गरम ठेवणंही यातच आलं. एवढंसं शरीर, उघडं तोंड, त्यात सतत पाणी मारणारं यंत्र. तापमान झपाट्याने उतरतं आणि मग शुद्धीवर यायला वेळ लागतो.

आणि एक धोक्याची जागा, जी गडबडीत सुटते. नवीन डॉक्टरांना शेवटचं स्टेरॉइड इंजेक्शन कोणत्या तारखेला, कोणतं ते लेखी द्या. स्टेरॉइड अंगात असताना मेलॉक्सिकॅमसारखं सूजरोधक दिलं तर पोटात व्रण पडून आतडं फुटू शकतं, आणि मूत्रपिंडाला वेगळा फटका. लांब पल्ल्याचं इंजेक्शन आठवडेच्या आठवडे अंगात राहतं, हे लक्षात ठेवूनच वेदनाशामक निवडावं लागतं.

भुलेशिवाय दात साफ करून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. हिरडीखाली काहीच होत नाही आणि जागं मांजर वेदनेत दाबून धरलं जातं.

उन्हातलीमनी

खूप आभार. दोन शंका राहिल्या. आधीचे एक जण म्हणाले होते की मुळं न काढता दात हिरडीच्या पातळीला कापले तरी चालतं, काम अर्ध्या वेळात होतं. ते चालेल का? आणि घरात दुसरा बोका आहे, त्याला वेगळं ठेवायचं का?

दंतमूळ

तुमच्या मांजरीत चालणार नाही. ती पद्धत वेगळ्या आजारासाठी आहे. मांजरांत दात विरघळत जाण्याचा आजार खूप दिसतो. हिरडीच्या कडेला दातावर गुलाबी ठिपका दिसतो, बहुधा खालच्या जबड्यातल्या पहिल्या उपदाढेवर, आणि तिथे टोचलं की जबडा थरथरतो. त्याच्या एका प्रकारात मूळ हळूहळू हाडात बदलत जातं. एक्स-रेत मुळाची कड आणि त्याच्या भोवतीची काळी रेघ पुसली गेलेली दिसली, मुळाशी पू नाही, हिरडीचा आजार नाही, तरच वरचा भाग कापून हिरडी शिवता येते. स्टोमॅटायटिस असेल तर मूळ ठेवायचंच नाही.

सुळे काढले तर एक जाणून ठेवा: फक्त वरचे गेले तर खालचा सुळा वरच्या ओठात रुतून जखम करू शकतो. वरच्या सुळ्याच्या जागी टाका सुटला तर तोंडातून नाकात भोक पडतं. पाणी प्यायल्यावर त्याच बाजूच्या नाकपुडीतून शिंक किंवा पाणी आलं की लगेच दाखवा.

आणखी एक, सूज दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ठीक. एकाच बाजूला गाठ, जिभेखाली कडकपणा, हललेले दात असं काही असेल तर त्याच भुलेत तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो.

करडा_बोका

बोक्याला वेगळं ठेवायची गरज सहसा नसते. कॅलिसी विषाणू एकत्र राहणाऱ्या मांजरांत आधीच पोचलेला असतो आणि तो असलेल्या बहुतेकांना स्टोमॅटायटिस होत नाही. लस वेळेवर द्या, वाट्या वेगळ्या ठेवा. निर्जंतुक करायचं असेल तर १ भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुऊन वाळवणं. बरेच सुगंधी फ्लोअर क्लीनर या विषाणूवर चालत नाहीत. बोक्याचं तोंडही दाखवून घ्या.

शुश्रूषा

शस्त्रक्रियेनंतरचं थोडक्यात. बऱ्याच मांजरी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मऊ अन्न खातात. २४ तासांत काहीच नाही तर फोन, वाट बघायची नाही. पहिले दोन-तीन दिवस लाळेत गुलाबी छटा चालते, थेंब थेंब लाल रक्त चालत नाही. किमान दोन आठवडे सरसरीत अन्न, कठीण खेळणी उचलून ठेवा, पंजाने तोंड ओरबाडत असेल तर गळ्यात कॉलर. शी-शूच्या ट्रेमध्ये मातीच्या दाण्यांऐवजी कागदाचे तुकडे वापरा, म्हणजे टाक्यांत कण अडकत नाहीत. टाके आपोआप विरघळतात, तरी दहा-चौदा दिवसांनी तोंड दाखवायलाच हवं.

मागची लाली लगेच जात नाही. आठवडे लागतात, काहींना महिनोन् महिने. फरक लालीवरून बघू नका. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन, आणि ती पुन्हा अंग चाटू लागली का, हे लिहून ठेवा.

दंतमूळ

तीन-चार महिन्यांनी वजन आणि वागणं दोन्ही अडलेलं असेल तर आधी पुन्हा एक्स-रे, मुळाचा तुकडा राहिला नाही ना ते बघायला. मुळं स्वच्छ असतील तर सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा मांजरांसाठीचं इंटरफेरॉन ओमेगा (विषाणूविरोधी प्रतिकाराचं औषध) हे पुढचे पर्याय आहेत. सायक्लोस्पोरिन सुरू असताना कच्चं मांस आणि शिकार पूर्ण बंद, कारण प्रतिकारशक्ती दबलेली असताना कच्च्या मांसातून येणारा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी जीवघेणा ठरतो. तेव्हा स्टेरॉइड लागलंच तर रोज कमी-जास्त करता येणारी प्रेडनिसोलोनची गोळी, मांजराचं शरीर प्रेडनिसोन नीट वापरू शकत नाही. लांब पल्ल्याचं इंजेक्शन पुन्हा नको.