बाई म्हणतात एडीएचडी असेल. आता काय करायचं?

प्रश्न (डिचोली): मुलगा साडेपाच वर्षांचा, केजीत. जागेवर बसत नाही, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चळवळेपणा) असेल असं बाई म्हणतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, बाईंवर रागावू नका, पण त्यांचा शब्द म्हणजे निदान नव्हे. लेखी मागा: कोणत्या तासाला उठतो, किती मिनिटांनी, त्याआधी काय चाललं होतं. निदानासाठी लक्षणं किमान ६ महिने आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात. वर्गात तो वयाने सर्वांत लहान तर नाही ना? मग तुलनाच चुकते.

उत्तर: आधी कान तपासा, डोळेही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की मुलाला कमी ऐकू येतं आणि ‘लक्ष देत नाही’ हा शिक्का बसतो. रोज घोरतो का? झोप अपुरी असली तरी मूल दिवसा चळवळं होतं. घरी मराठी-कोंकणी आणि वर्गात इंग्रजी असेल, तर सूचना समजते का तेही बघा.

उत्तर: मग बालरोगतज्ज्ञ, गरज पडल्यास बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). ६ वर्षांखाली पहिला उपाय गोळ्या नाहीत, पालकांचं प्रशिक्षण आहे: एका वेळी एकच सूचना, पाळली की लगेच नेमकं कौतुक. ‘शहाणा’ नको, ‘तू चपला जागेवर ठेवल्या, छान’ म्हणा.