निवड कोणत्या वयात होते, हेही बघा

शाळांवरच्या चर्चेत नेहमी म्हटलं जातं की हुशार मुलं लवकर वेगळी काढून त्यांना चांगली शाळा दिली की गरिबाघरचं पोरही वर येतं. एखादं येतं, नाकारत नाही. पण दहा-अकराव्या वर्षी आपण 'हुशारी' म्हणून जे मोजतो, त्यात घरचा वाटा फार मोठा असतो. घरी पुस्तकं आहेत का, गृहपाठाला कोणी शेजारी बसतं का, सगळं त्या गुणांत उतरतं. मी काही वर्षं मुलांना प्रवेशाचे अर्ज भरून द्यायचो. शिकलेले पालक पसंतीक्रम ठरवूनच यायचे. बाकीचे विचारायचे, "सर, तुम्हीच लिहा ना काहीतरी." त्या 'काहीतरी'वर मुलाची पुढची दिशा ठरायची! मलाच धास्ती वाटायची.

अशा चर्चेत फिनलंडचं उदाहरण कुणी दिलेलं दिसलं नाही. तिथे पूर्वी अकराव्या वर्षाच्या आसपास मुलांची दोन वाटांवर विभागणी व्हायची. 1972 ते 1977 या काळात, उत्तरेपासून सुरुवात करत, टप्प्याटप्प्याने ती बंद झाली आणि सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकच शाळा आली. टप्प्यांमुळे आधी-नंतरची तुलना करता आली. बापाच्या कमाईचा मुलाच्या कमाईशी असलेला संबंध मोजणारा आकडा 0.30 वरून 0.23 वर आला. म्हणजे जवळपास पावपट सैल. जन्माची गाठ सुटली असं नाही, पण एका धोरणाने एवढं होणं मला तरी कमी वाटत नाही. गरीब मुलांना शिष्यवृत्त्या हव्यातच, फक्त त्या निवडीची ही चाळणी लागून गेल्यावर हातात पडतात.