मदत हवी आहे : धामणीची अंडी सुरकुतायला लागलीत, ओल कशी राखू?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात केळीचा जुना बाग मोडताना धामणीची नऊ अंडी उघडी पडली. जागा नांगरली गेली, परत ठेवायची सोय नव्हती. वनविभागाला कळवूनच घरी आणलीत. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली, फिरवली नाहीत. चार एकमेकांना चिकटलेली, ती तशीच आहेत.

डब्यात ओलं कोकोपीट, झाकणाला चार भोकं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल. पण आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पारा ४३ वर, मृग अजून लांब. दोन दिवसांत कोकोपीट कोरडं पडतं. डबा मोठ्या माठात ठेवून बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलंय, त्यामुळे आत ३०-३१ अंश राहतं. तरी तीन अंड्यांना खळगे पडलेत. घाबरून पाणी जास्त घातलं, तर एकावर बुरशी!

पाणी कडेने सोडावं की कोकोपीटच बदलावं? भोकं कमी करू का? बुरशीचं अंडं चिकटलेल्या चारांतलंच आहे, ओढून काढायला हात धजत नाही. साठेक दिवस लागतात म्हणे, आज अकरावाच. ज्यांनी स्वतः पिल्लं काढून सोडलीत त्यांनी सांगा, ऐकीव नको.