‘गुस’ या स्वीडिश स्लँग शब्दाला विश्वकोशात स्वतंत्र नोंद द्यावी का?

शब्दखूण (प्रश्न)

नमस्कार. विकिपीडियासाठी मी नुकताच ‘गुस’ या स्वीडिश शब्दावर एक लेख लिहिला. स्टॉकहोमच्या उपनगरांतील तरुणाईच्या बोलण्यात ‘गुस’ म्हणजे मुलगी, आणि तो आला आहे तुर्की भाषेतून, जिथे मुलीला साधारण ‘कझ’ असे उच्चारले जाते. लेख चढवून दोन दिवस होत नाहीत तोच त्यावर पान वगळण्याचा साचा (पान काढून टाकावे अशी सूचनापट्टी) लागला आणि कारण म्हणून एकच ओळ लिहिलेली आढळली: हे काम शब्दकोशाचे आहे.

माझे म्हणणे असे, की २००६ साली निघालेल्या स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीच्या तेराव्या आवृत्तीत ‘गुस’ आणि ‘केफ’ (म्हणजे वाईट, टुकार) हे उपनगरी शब्द घेतले गेले. राजा तिसरा गुस्ताव याने १७८६ साली स्थापन केलेल्या अकादमीला जो शब्द चालतो, तो आपल्याला का चालू नये? जाणकारांनी कृपया मत द्यावे. लेख वाचवण्यासाठी मी वाद घालावा की सोडून द्यावे, हेही सांगावे.

कोशातला किडा

आपला मुद्दा आपल्याच विरुद्ध जातो, असे मला नम्रपणे वाटते. अकादमीची ही सूची मुख्यतः शब्द कसा लिहावा आणि कसा चालवावा हे सांगण्यासाठी आहे. २०१५ च्या चौदाव्या आवृत्तीत असे सुमारे १,२६,००० शब्द आहेत. सूचीतील प्रवेश हीच पात्रता मानली, तर स्वीडिशमधील ‘बादली’, ‘काल’ आणि ‘तिरपा’ या शब्दांनाही स्वतंत्र लेख द्यावे लागतील. शिवाय सूचीतून प्रत्येक आवृत्तीत काही जुने शब्द गळतात. मग त्यांचे लेखही काढायचे का?

आपला लेख मी संपूर्ण वाचला. पहिल्या वाक्यात अर्थ आहे, दुसऱ्यात व्युत्पत्ती, तिसऱ्यात ‘गुसेन’ हे रूप (म्हणजे ‘ती अमुक मुलगी’, कारण स्वीडिशमध्ये निश्चितता दाखवणारा प्रत्यय नामाच्या शेपटीला जोडतात), आणि चौथ्यात लेखनभेद, कारण कोणी शेवटी ‘एस’ लिहितो तर कोणी ‘झेड’. यांपैकी एकही वाक्य चुकीचे नाही, पण एकही वाक्य विक्शनरीच्या (विकिपीडियाच्या भावंड शब्दकोशाच्या) नोंदीबाहेरचे नाही. त्यानंतर आपण तीन रॅप गाण्यांतील ओळींचे दाखले दिले आहेत आणि माझ्या मते खरी गफलत तिथे झाली आहे. गाण्यात ‘गुस’ आला म्हणजे कोणीतरी तो शब्द वापरला. त्या शब्दाविषयी कोणी काही सांगितले असा त्याचा अर्थ होत नाही. शब्दावरच्या लेखाला दुसऱ्या प्रकारचे संदर्भ लागतात, आणि पहिल्या प्रकारचे शंभर गोळा केले तरी त्यांतून दुसऱ्या प्रकारचा एकही निघत नाही.

उत्तरेचा वारा

मी काही वर्षे स्टॉकहोममध्ये राहिलो आहे, म्हणून थोडी भर घालतो. वरील प्रतिसादातील तत्त्व मला मान्य आहे. फक्त ‘गुस’विषयी कोणी लिहिलेच नाही, असा कोणाचा समज होऊ नये.

१९६५ ते १९७४ या काळात स्वीडनने सुमारे दहा लाख घरे बांधण्याची योजना राबवली, आणि स्टॉकहोमच्या वायव्येकडील रिंकेबी हे उपनगर त्याच काळातले. पुढे तेथे तुर्की, अरबी, सर्बो-क्रोएशियन आणि स्पॅनिश बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली आणि त्यांच्या मुलांच्या स्वीडिशला वेगळा रंग चढला. उल्ला-ब्रिट कोट्सिनास या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात त्या बोलीचा अभ्यास केला आणि ‘रिंकेबी स्वीडिश’ ही संज्ञा रूढ केली. २००४ साली त्यांनी रॅपर डोग्गे डोग्गेलितो याच्यासह उपनगरी स्लँगवर एक पुस्तकही काढले. प्राध्यापक आणि रॅपर एका मुखपृष्ठावर, ही जोडी मला आजही फार आवडते.

म्हणजे दुय्यम स्रोत (शब्दाविषयी इतरांनी केलेले लेखन) आहेत, पण त्यांचा रोख त्या संपूर्ण बोलीवर आहे. ‘गुस’ तेथे येतो तो ‘केफ’, ‘पारा’ (पैसे) आणि ‘आयना’ (पोलीस) यांच्या रांगेत. यांतला ‘आयना’ मराठी वाचकाने जरूर थांबून पाहावा असा आहे. तुर्की स्लँगमध्ये पोलिसाला ‘आयनासझ’, म्हणजे शब्दशः ‘आरसा नसलेला’ म्हणतात. स्टॉकहोमच्या पोरांनी त्यातला ‘नसलेला’ गाळून टाकला आणि नुसता आरसा ठेवला. तुर्कीत हा ‘आयना’ फारसीतून गेलेला, आणि आपला ‘ऐना’ही फारसीतूनच आलेला! असो.

माझे मत असे, की ‘रिंकेबी स्वीडिश’ या लेखात शब्दसंग्रहाचा चांगला भरघोस विभाग करावा आणि ‘गुस’ शोधणाऱ्याला पुनर्निर्देशनाने तेथे आणावे. त्या लेखात एक गोष्ट मात्र आवर्जून लिहावी: एका उपनगराचे नाव साऱ्या बोलीला चिकटवणे अनेकांना खटकते, कारण माल्मो आणि गोथेनबर्ग येथील मुलेही असेच बोलतात, म्हणून अभ्यासक आता ‘उपनगरी स्वीडिश’ किंवा ‘बहुवांशिक तरुणभाषा’ अशा संज्ञाही वापरतात.

शब्दखूण

दोघांचेही आभार. गाण्यांच्या दाखल्यांविषयी मी चुकलो, हे मान्य करतो. तरीही एक शंका राहते. ‘फिका’ (कॉफीसाठीची सुट्टी) हाही मुळात स्लँगच, मग त्याला लेख कसा मिळाला? तेथे कोणी साचा का लावत नाही?

वाटसरू

कारण ‘फिका’चा लेख प्रत्यक्षात शब्दाचा लेख नाही. शब्दाची गोष्ट दोन ओळींत संपते: कॉफीला ‘काफ्फी’ म्हणत, एकोणिसाव्या शतकातील लोकांनी त्यातील अक्षरे उलटीपालटी केली आणि ‘फिका’ झाला. लेखाचा बाकी सारा भाग आहे तो प्रथेचा: कामाच्या मधली सुट्टी, सोबतचे गोड पाव, कचेरीत सर्वांनी एकत्र बसण्याचा शिरस्ता. उद्या स्वीडिश लोकांनी या प्रथेला दुसरे नाव दिले, तर लेखाचे शीर्षक बदलेल, मजकूर जवळपास तसाच राहील. ‘गुस’ला ही कसोटी लावून पाहा. शब्द बाजूला काढला की खाली उरते ती ‘मुलगी’, आणि मुलीवर लेख आधीच आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे ‘ऊगूगलबार’, अर्थात शोधयंत्रावर न सापडणारा. हा शब्द फारसे कोणी वापरत असेल असे मला वाटत नाही. पण स्वीडिश भाषा परिषदेने तो नव्या शब्दांच्या यादीत घेतला, गूगल कंपनीने व्याख्या आपल्याच शोधयंत्रापुरती मर्यादित करावी असा आग्रह धरला, आणि व्याख्या बदलण्याऐवजी परिषदेने मार्च २०१३ मध्ये जाहीर निषेध नोंदवून तो शब्दच यादीतून काढला. त्यावर जगभर बातम्या झाल्या. येथे शब्द दुबळा आहे, पण त्याच्याबाबतीत काहीतरी घडले आहे, आणि लेखाला तेवढे पुरते. ‘गुस’ रोज हजारो तोंडी असेल. वापर किती, हा प्रश्न येथे गौणच ठरतो.

उत्तरेचा वारा

वाटसरूंची कसोटी चांगली आहे, फक्त तिच्यातून एक प्रकार निसटतो. स्वीडिशमध्ये मुलीसाठी परक्या भाषेतून आलेला ‘गुस’ हा पहिला स्लँग शब्द नव्हे. त्याआधी रोमानी, म्हणजे रोमा समाजाच्या भाषेतून ‘शेय’ आला. तोही एके काळी खालच्या दर्जाचा मानला जाई, आणि आज तो इतका घरचा झाला आहे, की १९८४ पासून स्टॉकहोममध्ये होणाऱ्या स्त्रियांच्या दहा किलोमीटर धावण्याच्या शर्यतीच्या नावातच तो बसला आहे. प्रौढ स्त्रियाही स्वतःला सहज ‘शेय’ म्हणवून घेतात. एका अल्पसंख्य समाजाचा शब्द रस्त्यावरून शर्यतीच्या फलकापर्यंत कसा गेला, यावर कोणी नीट लिहिलेले आपल्याला सापडले, तर त्या प्रवासावर स्वतंत्र लेख होऊ शकेल. ‘गुस’ त्या वाटेवर आहे की नाही, हे आपण आधीच ठरवून लिहिणे मात्र योग्य नव्हे. विश्वकोशाने भाकिते करू नयेत.

कोशातला किडा

सहमत. शब्दखूण, आपण वाद घालू नये, पण मजकूर वायाही घालवू नये. व्युत्पत्ती आणि रूपे विक्शनरीत न्यावीत, जागा तीच आहे. लेखनभेदाचे वाक्यही तेथेच शोभेल.

शब्दखूण

तसेच केले. ‘गुस’चे पान आता ‘रिंकेबी स्वीडिश’कडे वळते, आणि तेथे मी शब्दसंग्रहाचा विभाग सुरू केला आहे. गाण्यांच्या तिन्ही ओळी काढल्या. ‘आयना’च्या नोंदीत तुर्की मूळ लिहिले आहे, मराठी ‘ऐना’चा उल्लेख मोह आवरून गाळला. उपनगरी नावाबद्दलच्या आक्षेपाचा परिच्छेद अद्याप रिकामा आहे. उत्तरेचा वारा, तो आपण लिहिलात तर बरे होईल.